घराच्या भिंतीपलीकडचे वाय-फाय : परवानामुक्त लहरींचा भारतीय इतिहास

घरातील किंवा वसतिगृहातील राउटरचा सिग्नल समोरच्या इमारतीत न्यायचा असेल तर आज फार खटपट करावी लागत नाही. दोन्ही गच्च्यांवर एका दिशेने सिग्नल फेकणाऱ्या अँटेनाची उपकरणे समोरासमोर लावली की काम होते. 2005 पूर्वी भारतात हेच काम परवान्याविना करणे बेकायदेशीर होते, मग मधले अंतर शंभर फुटांचे का असेना. 'घरात' आणि 'घराबाहेर' ही रेषा लहरींना ठाऊक नसते. ती कायद्याने आखली. ती कशी आखली गेली आणि पुढे कशी सरकत गेली, याचा विचार या पाठात करायचा आहे.

1885 च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. पुढे 1933 च्या भारतीय बिनतारी तार अधिनियमाने बिनतारी उपकरण नुसते जवळ बाळगायलाही परवाना लागेल असे ठरवले. घरात रेडिओ ऐकण्यासाठी टपाल कार्यालयात शुल्क भरावे लागे, हे आजी-आजोबांना विचारल्यास ते सांगतील. वसाहतीच्या सरकारला बिनतारी संदेशांची भीती वाटत होती हे समजण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतरही हे दोन्ही कायदे दीर्घकाळ टिकले, हे अधिक विचार करण्याजोगे आहे.

वाय-फायची सुरुवात अमेरिकेत झाली. तेथील दूरसंचार नियामकाने 1985 मध्ये, मायक्रोवेव्ह भट्टीसारख्या उपकरणांसाठी राखून ठेवलेल्या वारंवारता पट्ट्यांत, विनापरवाना संदेशवहनाला मुभा दिली. या 'टाकाऊ' पट्ट्यांतला 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा पुढे सर्वांत मोलाचा ठरला. 802.11 हे प्रमाणक 1997 मध्ये आले, तर सेकंदाला 11 मेगाबिट वेगाचे 802.11बी 1999 मध्ये. ते तयार झाले होते कार्यालयाच्या आतील वापरासाठी. लोकांनी मात्र ते लगेच खिडकीबाहेर काढले. बटाट्याच्या चिप्सच्या डब्यापासून अँटेना करण्याचे प्रयोग 2001 च्या सुमाराचे आहेत.

भारतीय शहरांत त्या काळी इमारती जोडण्याचे काम केबलवाल्यांनी हाती घेतले होते. दूरचित्रवाणीच्या तारेशेजारी इंटरनेटची तार गच्चीवरून गच्चीवर जाई. पावसाळ्यात जवळ वीज पडली की त्या तारेतून येणाऱ्या झटक्याने दोन्ही टोकांची यंत्रे जळत. बिनतारी जोडणीत दोन इमारतींमध्ये तांबेच नसल्याने हा धोका बराच घटतो. पण परवानामुक्ती होती ती इमारतीच्या आतील वापरापुरती.

तंत्रज्ञानाच्या बाजूने अडचण वेगळीच होती आणि तिचा अभ्यास भारतात चांगला झाला. कानपूरच्या आयआयटीतील 'डिजिटल गॅन्जेटिक प्लेन्स' प्रकल्पाने कानपूर-लखनौ पट्ट्यात गावे जोडण्यासाठी साधी वाय-फाय उपकरणे वापरली. प्रबळ अँटेना लावल्यास सिग्नल कित्येक किलोमीटर जातो, हे लवकरच सिद्ध झाले. अडत होती ती पोच. वाय-फायमध्ये प्रत्येक संदेशाची पोच ठराविक मायक्रोसेकंदांत परत यावी लागते. लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे 300 मीटर जाते, म्हणजे 20 किलोमीटर जाऊन परत यायला 130 मायक्रोसेकंदांहून अधिक लागतात. तोवर पाठवणारे यंत्र 'संदेश हरवला' असे समजून तोच पुन्हा पाठवते. शिवाय बोलण्याआधी कोणी बोलत नाही ना हे ऐकण्याची वाय-फायची रीत एका खोलीत चालते. दूरची दोन टोके एकमेकांना वेळेत ऐकूच शकत नाहीत. म्हणून भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी 2005 मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका मनोऱ्यावरील सर्व दुवे एकाच वेळी पाठवतात आणि मग एकाच वेळी ऐकतात. याच प्रयोगांतून कळलेली आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते : रेडिओ स्वस्त झाला, उंची स्वस्त झाली नाही. झाडे आणि घरे टाळून दृष्टिरेषा मोकळी ठेवायची तर मनोरा हवा, आणि त्याचा खर्च यंत्राच्या कित्येक पट.

28 जानेवारी 2005 च्या अधिसूचनेने 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त झाला. अटी मात्र वाचण्यासारख्या आहेत. अँटेनाच्या दिशेने जाणारी परिणामी शक्ती 4 वॅटपर्यंत, आणि अँटेनाची उंची अधिकृत इमारतीच्या छतापासून 5 मीटरच्या आत. मुंबईतील दहा मजली इमारतीवर या 5 मीटरचा काही त्रास नाही. एकमजली घरांच्या गावात तेच 5 मीटर शेजारच्या आंब्याच्या फांदीत अडकतात, आणि ओल्या पानांतून 2.4 गिगाहर्ट्झची लहर फार पुढे जात नाही. नियम सर्वांना सारखा असूनही त्याचा लाभ सारखा झाला नाही, तो असा.

तरीही फरक तात्काळ दिसला. हिमाचलातील धरमशाला येथे फेब्रुवारी 2005 संपेपर्यंत आठ परिसर बिनतारी जाळ्याने जोडले गेले. घरगुती राउटर वापरून, त्यांतील प्रणाली बदलून, सौरऊर्जेवर चालणारी ठाणी डोंगरउतारांवर उभी राहिली. माकडांनी अँटेना मोडू नयेत याचाही विचार करावा लागला. तमिळनाडूतील थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कली येथील संशोधकांसह ग्रामीण केंद्रे अशाच लांब दुव्यांनी जोडली. गावातला रुग्ण तिथेच बसून पडद्यावरून डॉक्टरांशी बोलू लागला.

भिंतीबाहेर गेलेल्या सिग्नलची दुसरी बाजू 2008 मध्ये पुढे आली. जुलैमध्ये अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या, संकेतशब्द नसलेल्या वाय-फायवरून पाठवला गेल्याचे तपासात आढळले. त्या घरातील रहिवाशाची कसून चौकशी झाली. 2009 च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वाय-फाय जाळी शोधत रस्त्यांवर फिरले आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना वापरकर्त्यांची ओळख पटवण्याच्या सूचना दिल्या. लहरीला परवाना लागत नव्हता, पण तिच्यावरून कोण काय पाठवते याची विचारणा सुरू झाली. शेजाऱ्याला वाय-फाय देण्याची सवय या काळात संशयास्पद ठरली.

पुढचा टप्पा ऑक्टोबर 2018 चा. 5 गिगाहर्ट्झ परिसरातील एकूण 605 मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले, घराबाहेरही. गर्दीच्या 2.4 पट्ट्यापेक्षा येथे जागा खूप जास्त असल्याने इमारत-ते-इमारत जोडणीची आजची बहुतेक उपकरणे याच पट्ट्यात चालतात. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेने किराणा दुकानदारालाही परवान्याविना वाय-फाय विकण्याची सोय केली. 2009 मधील संशय आणि 2020 मधील ही मोकळीक यांची तुलना विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. वापरकर्त्याची ओळख पटवण्याची अट दुसऱ्यातही सुटलेली नाही.

मे 2025 मध्ये दूरसंचार विभागाने 5925 ते 6425 मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी मसुदा नियम प्रसिद्ध केले. त्यांत घरातील वापराला कमी शक्ती आणि बाहेरच्या वापराला अतिशय कमी शक्ती, अशा दोन वेगळ्या मर्यादा होत्या.