कागदावरची भाषा आणि ती चालवून पाहणारे हौशी

पॉल ग्रॅहॅम यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘बेल’ ही लिस्पच्या घराण्यातली प्रायोगिक प्रोग्रामिंग भाषा मांडली आणि काही हौशी प्रोग्रामर ती पर्लसारख्या भाषांत पुन्हा घडवायला बसले. अशा खटाटोपाला रिकामपणचा उद्योग म्हणणारे पुष्कळ. मला मात्र लिस्पचा इतिहास उलट साक्ष देताना दिसतो: कागदावरच्या व्याख्येतली चूक ती चालवून पाहिल्यावरच उघडी पडते. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आसपास यंत्रमागावर पोट भरणाऱ्या खानदेशी कामगाराला हे समजावून सांगावं लागणार नाही: नक्षी ठरवणाऱ्या जेकार्डच्या कार्डांना भोकं बरोबर पडलीत का, हे कापड उतरू लागल्यावरच कळतं.

जॉन मॅकार्थी यांचा लिस्पवरचा निबंध १९६० साली छापून आला. त्यातलं ‘इव्हॅल’, म्हणजे लिस्पमधल्या रचनांची किंमत काढणारं फंक्शन, त्यांनी वाचण्यासाठी लिहिलं होतं. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल ते आयबीएम ७०४ या संगणकावर चालवायला निघाले, तेव्हा सिद्धान्त आणि व्यवहार यांची गल्लत होतेय, असं मॅकार्थींनीच त्यांना बजावलं. रसेल यांनी तरीही ते यंत्रभाषेत उतरवलं आणि लिस्पला इंटरप्रिटर मिळाला. पुढे जेम्स स्लेगल यांचा एक प्रोग्राम नीट चालेना. फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या हाती दिलं की त्यातल्या व्हेरिएबलना भलत्याच किमती मिळत होत्या. कागदावर ही चूक कुणाला दिसली नव्हती. १९७५ मध्ये जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी कार्ल ह्यूइट यांची ‘ॲक्टर’ कल्पना समजून घेण्यासाठी छोटा इंटरप्रिटर लिहिला आणि व्हेरिएबलला किंमत कुठून मिळावी, हा नियमही त्यात बदलला. ॲक्टर आणि फंक्शन चालवणारा कोड एकच निघाला. त्यातून स्कीम ही लिस्पची नवी बोली जन्मली.

ही सगळी एमआयटीची संशोधक मंडळी, हौशी कुठे, असा आक्षेप येईल. पण पीडीपी-१ या संगणकावरचं लिस्प घडवणारे एल. पीटर डॉइच तेव्हा शाळकरी वयाचे होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बेलच्या या आवृत्त्या वापरतो कोण? रोजच्या कामाला जवळजवळ कुणीच नाही, हे मान्य करायला हवं. बेलमध्ये डेटाचे मूळ प्रकार चारच: चिन्हं, जोड्या, अक्षरं आणि स्ट्रीम. संख्याही जोड्यांतूनच रचलेल्या. भाषेची व्याख्या शब्दशः पाळली तर साधी बेरीजही रखडते. म्हणून घडवणारा संख्या यंत्रावर सोपवतो, आणि उत्तर मूळ व्याख्येशी तंतोतंत जुळतं का, हे त्याला प्रत्येक ठिकाणी तपासावं लागतं. व्याख्येत कुठे काय अध्याहृत राहिलं, हे याच तपासणीत उघडं पडतं. नुसत्या वाचकाला तिथे अडण्याचं कारणच नसतं.