गोळा कोणाकडे होता?

माझे मामा जऊळका रेल्वे स्टेशनवर पॉइंट्समन होते. वाशीम तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातच मोडत असे; वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. अकोला-पूर्णा हा लोहमार्ग त्या काळी मीटर गेजचा, आणि एकेरी. येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांना मिळून रूळ एकच. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांकडे जात असे. न थांबणारी गाडी यायची वेळ झाली की मामांच्या मागे फलाटावर पळायचं, हा माझा रोजचा खेळ. मामांच्या हातात वेताचं मोठं कडं असे, कड्याला एक छोटी पिशवी आणि पिशवीत पोलादी गोळा. इंजिनातला माणूस बाहेर वाकून ते कडं दंडात अडकवून घेई आणि मागच्या स्टेशनवरून आणलेलं कडं फलाटावर टाकून देई. ते उचलून आणायचं काम माझं.

गोळा ही गाडीची परवानगी होती. दोन शेजारच्या स्टेशनांत एकेक यंत्र असे आणि ती दोन्ही तारेनं जोडलेली असत. पलीकडच्या मास्तरानं संमती दिल्याशिवाय अलीकडच्या यंत्रातून गोळा बाहेर येत नसे. आणि एकदा एक गोळा बाहेर आला, की तो दोहोंपैकी कुठल्या तरी यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा कुठूनच निघत नसे, मग मास्तर कितीही अनुभवी असो. ज्याच्याकडे गोळा, त्याचा रूळ.

ही शिस्त सहजासहजी आलेली नाही. १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथं एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसं गेली. तेव्हा गाड्या तारायंत्रावरच्या निरोपांनी सोडत. अधिकाऱ्याची सही होण्याआधीच एक तार गेली: ‘तुमची गाडी पाठवा.’ इकडून दुसरी गाडी सुटली. चूक ध्यानात आल्यावर पहिली तार रद्द करणारी तार केली, तर उत्तर आलं की गाडी निघाली. दोन्ही टोकांची माणसं आपापल्या जागी शुद्धीवर होती, आणि रूळ आपलाच आहे अशी दोघांचीही खात्री होती. या अपघातानंतर एडवर्ड टायर यांनी विजेवर चालणारं टॅब्लेट यंत्र तयार केलं. आमच्या जऊळक्याचा गोळा त्याच घराण्यातला.

संगणकावर बोलायचं ठरलं असताना मी रेल्वेत का शिरलो, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या संगणकाच्या कामातली सर्वांत मोठी चूक मला समजली ती या गोळ्यामुळे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

संगणक बंद पडतो, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. बँकांना ते परवडत नव्हतं. १९७४ साली कॅलिफोर्नियात जिमी ट्रेबिग यांनी टँडेम नावाची कंपनी काढली ती याच एका गरजेवर. त्यांच्या यंत्रात महत्त्वाचा प्रत्येक भाग दुहेरी असे. एक गेला तर दुसरा काम उचले. पुढे १९८३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीनं व्हॅक्सक्लस्टर आणलं. वेगवेगळे संगणक जोडून त्यांचा एक समूह करायचा आणि त्यांनी डिस्क वाटून वापरायच्या, अशी ती रचना. त्यात या लोकांनी मतदानाची सोय केली होती! समूहातल्या पुरेशा संगणकांची मतं जमली तरच काम चालू, नाहीतर थांबा. ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते ना, अगदी तसंच.

आपल्याकडे हा विषय निराळ्या वाटेनं आला. हवामानाच्या गणितासाठी हवा होता तसा क्रे महासंगणक अमेरिका देईना. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे प्रमुख विजय भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे आमचे शेजारीच. १९९१ साली परम ८००० तयार झाला. एका अजस्र यंत्राऐवजी ६४ छोटे प्रोसेसर एकाच कामाला जुंपायचे, ही त्यातली युक्ती. वऱ्हाडातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. इर्जिक घालताना गावातल्या बैलजोड्या एकाच्या वावरात उतरतात, तसंच हे. १९९४ मध्ये नासातल्या थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे साधे १६ पीसी जोडून बेवुल्फ नावाचा समूह उभा केला आणि ही इर्जिक कॉलेजांच्याही आवाक्यात आली.

‘ग्रिड’ हा शब्द विजेच्या ग्रिडवरून घेतलेला. इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांचं त्या विषयावरचं पुस्तक १९९८ चं. वीज कुठं तयार होते ते न पाहता आपण बटण दाबतो, तशी गणनशक्तीही मिळावी, ही कल्पना. वाशीमला भारनियमनात तासन्‌तास काढलेल्या माझ्यासारख्याला ही उपमा ऐकून हसू आलं होतं, ते सोडा. सी-डॅकनं पुढं ‘गरुड’ ग्रिड उभारलं. १७ शहरांतल्या ४५ संस्था त्यात जोडल्या होत्या. आमची संस्था त्यात नव्हती. पुण्यातल्याच एका लहानशा संशोधन संस्थेत मी होतो आणि आमच्याकडे ४८ यंत्रांचा समूह होता.

अशा समूहाचा प्राण म्हणजे कामांची रांग सांभाळणारा सर्व्हर. कुणाचं काम कुठल्या यंत्रावर चाललंय आणि पुढचा नंबर कुणाचा, हे सगळं त्याच्या वहीत. ग्रिड इंजिन नावाचं सॉफ्टवेअर आम्ही वापरत होतो. मूळ जर्मनीतलं, २००० साली सन कंपनीनं घेतलेलं. त्यात ‘सावली’ची सोय होती. मुख्य सर्व्हर ठरावीक वेळानं एका फाइलीतला आकडा बदलत राहतो. सावली दुरून ती फाइल वाचत बसते. आकडा बराच वेळ हलला नाही, की सावली मुख्य होते. पण ती फाइल आणि ती वही ज्या डिस्कवर, ती डिस्कच गेली तर? म्हणून २००६ साली मी शहाणपणा केला. दोन सर्व्हर, दोघांकडे वहीची एकेक प्रत, आणि दोघांना जोडणारी एक केबल. केबलवरून ठोके येत राहायचे. ठोके थांबले की समोरचा गेला असं समजून दुसऱ्यानं कारभार हाती घ्यायचा. योजना सहा पानांची होती. मला तिचा फार अभिमान होता.

पावसाळ्यात एका रात्री वातानुकूलन यंत्राचं पाणी गळलं. ते पुसताना कुणाच्या तरी हातून केबल सैल झाली. बस, एवढंच झालं. दोन्ही सर्व्हर ठणठणीत होते. ठोके थांबल्यावर मुख्याला वाटलं दुसरा गेला, दुसऱ्याला वाटलं मुख्य गेला, आणि दोघंही मुख्य झाले. या रोगाला आमच्या धंद्यात ‘मेंदू दुभंगणं’ म्हणतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे शाळेत शिकलो होतो, पण सहा पानांत कुठं लिहिलं नव्हतं. सकाळी पाहतो तो दोन वह्या, दोन्ही अर्ध्याअर्ध्या खऱ्या. काही कामं दोनदा सुरू झालेली. भूजलाचं गणित करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं काम १९ दिवस चाललं होतं. त्याच्या दोन प्रती एकाच फाइलीत रात्रभर लिहीत बसल्या होत्या आणि त्या फाइलीचा एकही आकडा विश्वासाचा उरला नव्हता. ती मला काही बोलली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली आणि पडद्याकडे बघत राहिली.

दिवाळीत वाशीमला गेलो तेव्हा मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी कामाचं विचारलं म्हणून जमेल तशा शब्दांत ही हकीकत सांगितली. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, “आरे बापा, मंग गोया कोनापाशी होता?”

गोळा कुणापाशीच नव्हता. मी दोन मास्तर नेमले होते आणि ठोका ऐकू येईना, या एवढ्याच पुराव्यावर गाडी सोडायची मुभा दोघांनाही दिली होती. थॉर्पच्या रात्रीसारखीच ही गत.

पुण्याला परतून योजना नव्यानं लिहिली. तिसरं, जुनं, जवळजवळ टाकाऊ यंत्र घेतलं. त्यानं काही करायचं नाही, फक्त मत द्यायचं. तिघांत दोन मतं ज्याच्याकडे, त्याचा कारभार. दोन केबली, त्याही वेगवेगळ्या भिंतींवरून. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे विजेचं असं स्विच, जे एका सर्व्हरला दुसऱ्याचा पुरवठा तोडू देतं. कारभार हाती घेण्याआधी समोरच्याची वीज तोडायची, तुटल्याची खात्री करायची, मगच वही उघडायची. या पद्धतीचं आमच्या धंद्यातलं इंग्रजी नाव भलतंच हिंसक आहे; दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला, असा त्याचा अर्थ. लांबणाऱ्या कामांनी दर काही तासांनी आपली स्थिती डिस्कवर उतरवून ठेवावी, हा नियमही तेव्हाच केला. १९ दिवस गेले त्याला त्या नियमाचा अभावही तितकाच कारण होता, हे कबूल करायला मला जरा वेळ लागला.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सगळ्यांना कळवून मी मुख्य सर्व्हरची वायर हातानं उपटत असे. पहिल्या खेपेला दुसरा उठलाच नाही. स्विचचा पासवर्ड कुणीतरी बदलला होता. दुसऱ्या खेपेला दीड मिनिटात उठला, रांगेतलं एकही काम न सांडता. ती विद्यार्थिनी मुद्दाम बघायला आली होती.

पुढच्या सुट्टीत मामांना हेही सांगितलं. ते खूश झाले, पण त्यांचा प्रश्न तयार होताच: “आन तिन्ही एकमेकाले दिसले नाई तं?”

“मग काम थांबतं मामा. कुणीच मुख्य होत नाही.”

“थांबाच लागते. गाडी हुभी राह्यली तं लोक शिव्या देतात, दुसरं काय.” मग त्यांनी मला कागदी परवान्याची रीत सांगितली. गोळ्याचं यंत्र बिघडलं, की दोन्ही मास्तर फोनवर बोलत, एकमेकांना खासगी नंबर देत, ते वहीत लिहीत, आणि मगच ड्रायव्हरच्या हाती सहीचा कागद पडे.

अकोला-पूर्णा मार्गावर २००८ साली ब्रॉडगेज गाडी धावू लागली. आमच्या योजनेचं सातवं पान मी त्याआधीच जोडलं होतं. तिन्ही यंत्रं एकमेकांना दिसेनाशी झाली, तर दोन माणसांनी एकमेकांना फोन करायचा, दोघांनी आपापले नंबर सांगायचे, ते वहीत लिहायचे, आणि मगच एकानं हातानं सर्व्हर चालू करायचा. त्या वहीवर मी लेबल लावलं होतं, ‘जऊळका’.