माती आणि तारे

राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळावर राख लावताना आम्ही धर्मगुरू त्यांना त्यांच्या मातीपणाचे स्मरण देतो. ही माती मुळात कोठून आली? विसाव्या शतकातील विज्ञानाने या प्रश्नाचे उत्तर शोधले, तेव्हा त्या शोधात एक धर्मगुरू आणि एक निरीश्वरवादी असे दोघेही होते. ती हकिकत आपल्या कुटुंबांना ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांचे वर्ग पाडण्याचे आरंभीचे मोठे कार्य येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की यांनी १८६० च्या दशकात केले. त्यांची वेधशाळा रोममधील संत इग्नेशियसच्या चर्चच्या छतावर होती. पुढे १९२५ साली सेसिलिया पेन या तरुण विदुषीने तारे मुख्यत्वे हायड्रोजन व हेलियम यांचेच बनलेले असल्याचे दाखविले. मग आपल्या देहातील कार्बन, रक्तातील लोह ही आली कोठून?

बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी १९३१ साली विश्वाचा आरंभ एका 'आदिअणू'तून झाल्याची कल्पना मांडली. त्या आरंभीच्या तप्त क्षणांतच सर्व मूलद्रव्ये घडली असावीत, असे १९४८ साली गॅमो व आल्फर यांनी सुचविले. परंतु वाटेत एक अडसर होता. पाच आणि आठ वस्तुमानांकाचे स्थिर अणुकेंद्रकच निसर्गात नाही. जिन्याच्या दोन पायऱ्याच गायब. मग वर चढायचे कसे?

इंग्लंडचे फ्रेड हॉईल यांना विश्वाचा आरंभच मान्य नव्हता. 'बिग बँग' हे नाव त्यांनीच १९४९ साली रेडिओवर प्रथम उच्चारले. मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात शिजतात, हे मत त्यांनी १९४६ पासून मांडले होते. १९५२ साली पॉल मेरिल यांना काही ताऱ्यांत टेक्नेशियम आढळले. त्याचे सर्वाधिक टिकाऊ रूपही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मे उरते. अर्थात ते त्या ताऱ्यांतच नव्याने घडत होते! १९५३ साली हॉईल यांनी सांगितले की, तीन हेलियम मिळून कार्बन व्हायचा, तर कार्बनच्या अणुकेंद्रकात एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे. कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत ती खरोखरच सापडली.

मे १९५७ मध्ये पोपच्या विज्ञान अकादमीने व्हॅटिकनमध्ये ताऱ्यांविषयी अभ्याससप्ताह भरविला. तेथे लमेत्र आणि हॉईल दोघेही उपस्थित होते. मते विरुद्ध, परंतु स्नेह खरा. नंतर दोघांनी एकाच मोटारीतून प्रवासही केला. त्याच वर्षी मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉईल यांचा १०४ पानांचा पायाभूत निबंध प्रसिद्ध झाला.

शेवटी खरे कोण ठरले? दोघेही, आपापल्या वाट्यापुरते. हायड्रोजन आणि बहुतांश हेलियम आरंभीचे; कार्बन, ऑक्सिजन, लोह ताऱ्यांचे. सोन्यासारखी जड द्रव्ये न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतही घडतात, याचा पुरावा २०१७ साली मिळाला.

या इतिहासात आम्हा धर्मगुरूंसाठी एक बोध आहे. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वारंभाच्या सिद्धान्ताचा संबंध ईश्वरी निर्मितीशी जोडला, तेव्हा अस्वस्थ झाले ते स्वतः लमेत्र. श्रद्धेला विज्ञानाच्या टेकूची गरज नाही आणि विज्ञानाला श्रद्धेच्या शिक्क्याची नाही, ही त्यांची धारणा होती. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने मला विचारले होते, "फादर, उत्पत्तीचे पुस्तक खरे की शाळेचे?" मी त्याला गप्प केले. आज त्याची मला खंत वाटते. उत्पत्तीचे पुस्तक आपण कोणाचे आहोत हे सांगते, विज्ञान आपण कशाचे आहोत हे सांगते, एवढे तरी मी त्याला सांगायला हवे होते.

ज्यांना याहून खोलात शिरायचे आहे, त्यांनी हॉईल यांचे शिष्य डॉ. जयंत नारळीकर यांचे 'आकाशाशी जडले नाते' जरूर वाचावे. २०२५ साली ते निवर्तले. परंतु खगोलविज्ञान मायमराठीत आणण्याचे त्यांचे कार्य आपल्यापाशी आहे.

येत्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना एवढे आठवावे: ती राख विझलेल्या ताऱ्यांचीही आहे. आपण माती आहोत हे खरेच. परंतु ती माती घडविण्यास निर्मात्याने कोट्यवधी वर्षे आणि अगणित तारे वेचले आहेत.