काळं प्लेस्टेशन

१९९८ च्या ऑक्टोबरात मी सांगलीहून इंग्लंडला एम.एस्सी. करायला गेले. आमच्या विभागाच्या तळघरात, खिडकी नसलेल्या एका खोलीत, चार प्लेस्टेशनं मांडलेली होती आणि चारही काळी होती. दुकानात मिळायचं ते राखाडी. मला वाटलं, हे महागातलं मॉडेल असेल. शेजारच्या ग्रीक मुलाने सांगितलं, "राखाडीवर गेम खेळतात. यावर लिहितात."

त्या काळ्या डब्याचं नाव नेट यारोझे. जपानीत 'यारोझे' म्हणजे 'चला, करू या', मित्रांनी एकमेकांना म्हणावं तसं. सोनीने तो संच जून १९९६ मध्ये जपानात १,२०,००० येनला विकायला काढला. १९९७ मध्ये तो ब्रिटनमध्ये ५५० पौंडांना आणि अमेरिकेत ७५० डॉलरना मिळू लागला. साधं प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये ३९,८०० येनला आलं होतं, म्हणजे काळ्याची किंमत त्याच्या तिप्पट. याला स्वस्त म्हणायचं का? माझ्या खोलीभाड्याशी ताडलं तर नाही. पण ताडायचं होतं ते व्यावसायिक कंपन्यांच्या साधनांशी, आणि ती साधनं विकणारं कोणी एकट्या माणसाला दारातही उभं करत नव्हतं.

हे असं का, ते मला तिथेच कळलं. घरगुती संगणक सगळ्यांसाठी उघडा असे. ब्रिटनमध्ये १९८२ सालचा स्पेक्ट्रम हा संगणक सुरू केला की समोर बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा यायची, आणि शाळकरी मुलांनी आपल्या खोलीत बसून गेम लिहून ते कॅसेटवर विकले. कन्सोलचं गणितच उलट. यंत्रावर फार कमाई नाही. कमाई विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डिस्कमागच्या परवाना-शुल्कावर. म्हणून कंपनीने मान्यता दिलेली डिस्कच यंत्राने वाचायची, आणि डिस्क बनवण्याची साधनं करार केलेल्यांनाच द्यायची. प्लेस्टेशनची सुरुवातीची साधनं सोनीच्या न्यूज नावाच्या वर्कस्टेशनवर चालत, ती फार महाग पडत. एसएन सिस्टिम्सच्या अँडी बेव्हरिज आणि मार्टिन डे या दोन ब्रिटिश प्रोग्रॅमरांनी साध्या पीसीत बसणाऱ्या कार्डावर तेच काम करून दाखवलं. जानेवारी १९९४ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनाच्या वेळी ते सोनीपुढे ठेवलं गेलं आणि सोनीने ते उचललं. व्यावसायिकांचं ओझं त्याने हलकं झालं. हौशी माणूस मात्र बाहेरच राहिला, यारोझे येईपर्यंत.

खोक्यात काय असायचं? काळं यंत्र, दोन कंट्रोलर, पीसीला जोडायची सिरियल केबल, सुरू करण्याची डिस्क, सॉफ्टवेअरची सीडी, जाडजूड पुस्तिका आणि मेमरी कार्डासारखं दिसणारं एक ॲक्सेस कार्ड. ते कार्ड खाचेत नसेल तर काही चालायचं नाही. आमच्या लॅबमध्ये कार्डं कुलपात ठेवलेली असत, सही करून घ्यावी लागत. मला ती सही करायला फार आवडायचं.

मग काम सुरू. डॉसच्या काळ्या पडद्यावर सी भाषेत लिहायचं, जीसीसी कंपायलरने बांधायचं आणि केबलवरून पाठवायचं. केबलचा वेग सेकंदाला फार तर १,१५,२०० बिट, म्हणजे साधारण साडेअकरा हजार बाइट. एक मेगाबाइट पाठवायला दीड मिनिट. एका स्वल्पविरामाची चूक असली तरी पुन्हा दीड मिनिट. त्या दीड मिनिटांनी मला पाठवण्याआधी कोड वाचायला शिकवलं. ते आमच्या कुठल्याच सरांना जमलं नव्हतं.

यंत्राची मुख्य मेमरी दोन मेगाबाइट, चित्रांची एक मेगाबाइट, आवाजाची अर्धा. व्यावसायिक गेम डिस्कवरून हवं तेव्हा हवं ते आणत. आम्हाला ती मुभा नव्हती. डिस्कवरचं गाणं वाजवता येई, माहिती आणता येत नसे. म्हणजे प्रोग्रॅम, चित्रं, आवाज, सगळं त्या दोन मेगाबाइटांत एकदाच भरायचं, आणि त्यातलाही काही भाग सोनीच्या लायब्ररीने आधीच अडवलेला. प्रत्येक चित्र मेमरीत कुठे उतरवायचं, तो पत्ता एका यादीत आपणच लिहून द्यायचा. सोळाच्या पायावरचे ते पत्ते, ८००९०००० पासून पुढे. आईच्या फडताळात डबे जसे एकाला एक लागून बसतात तसं बसवायचं, मध्ये फट नको आणि एकावर एकही नको.

माझा गेम होता लगोरी. सात दगड, एक चेंडू, आणि दगड पुन्हा रचणारी एक मुलगी. ब्रिटिश मुलांना हा खेळ माहीत नव्हता, म्हणूनच तो घेतला. नोव्हेंबरात दोन दिवस असे गेले की गेम सुरू व्हायचा, मुलगी धावायची, आणि चेंडू दगडांना लागला की पडद्यावर रंगीत चिंध्या उडून यंत्र थिजायचं. मी चेंडूचा कोड दहा वेळा तपासला. चूक तिथे नव्हतीच. दगडांचं चित्र मी मोठं केलं होतं आणि त्याचं शेपूट प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळींवर जाऊन बसलं होतं. ग्रीक मुलाने मला आलेखाचा कागद दिला आणि म्हणाला, आधी मेमरी काढ, मग चित्र. तो कागद अजून माझ्याजवळ आहे, पेन्सिलीने रंगवलेला.

या यंत्राची एक गोष्ट मला तेव्हा लागली आणि नंतरही विसरता आली नाही. माझ्या वसतिगृहात मजल्यावर दोघांकडे राखाडी प्लेस्टेशन होतं. रोज रात्री दहाबारा जण त्याभोवती बसत. माझा गेम त्यावर चालत नव्हता. यारोझेवर लिहिलेलं यारोझेवरच चालायचं, आणि राखाडी यंत्र चालवील अशी डिस्क बनवायचा अधिकार आम्हाला नव्हता. सोनीच्या बाजूने पाहिलं तर कारण सरळ होतं: ७५० डॉलरात डिस्क विकता आल्या असत्या तर परवान्याचा सगळा डोलारा कोसळला असता. पण ज्या मुलीने गेम लिहिला तिला तो मैत्रिणीच्या हातात देता येऊ नये, ही अट मला आजही कंजूषपणाची वाटते.

यातून एक अरुंद वाट होती. ब्रिटनच्या अधिकृत प्लेस्टेशन मासिकाबरोबर दर महिन्याला डेमो डिस्क येई आणि तिच्यावर निवडक यारोझे गेम असत. ती डिस्क सोनीमान्य असल्याने साध्या यंत्रावर चालायची. एकेका माणसाने घरी बसून लिहिलेले गेम अशा रीतीने मोठ्या कंपन्यांच्या गेमशेजारी लाखो घरांत पोचले. २००४ मध्ये त्या मासिकाचा शेवटचा अंक आला तेव्हा त्याच्या डिस्कवर यारोझेच्या गेमचा संग्रहच होता. माझी लगोरी कधी निवडली गेली नाही. मी ती वेळेत पाठवलीच नव्हती.

जपानात या संचाने आणखी मोठी माणसं घडवली. मित्सुरू कामियामा यांचा 'टेरा इनकॉग्निता' हा यारोझेवरचा भूमिका-खेळ त्या दोन मेगाबाइटांत एवढा मावलाच कसा, हे मी अजून पुरतं समजू शकलेले नाही. पुढे त्यांनी स्क्वेअरच्या 'फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स' मालिकेत काम केलं. १९९८ चा फाशांचा खेळ 'डेव्हिल डाइस' यारोझेवरच्या प्रयोगातून निघाला आणि बाजारातल्या डिस्कपर्यंत गेला. जपानातच २००० च्या सुमारास बँडाईच्या वंडरस्वान या हातातल्या कन्सोलसाठी वंडरविच नावाचा संच आला. त्यावर सी भाषेत लिहून गेम थेट कार्ट्रिजमध्ये भरता यायचा. त्याच्या स्पर्धेतला विजेता 'जजमेंट सिल्व्हरस्वर्ड' पुढे रीतसर विक्रीलाही आला.

मी २००० मध्ये परतले. २००३ च्या मे महिन्यात सांगलीला बहिणीकडे होते. तिच्या दहा वर्षांच्या मुलासाठी गणपती पेठेतून कीबोर्डच्या आकाराचा एक टीव्ही गेम आणला होता. कीबोर्डच्या वर कार्ट्रिजची खाच, टीव्हीला जोडायच्या दोन वायरी. पोरगा कार्ट्रिजवरचे गेम सोडून दुसऱ्याच पडद्यावर अडकला होता. मला हाक आली: "मावशी, हे नुसतं टिमटिमतंय." पडद्यावर जी-बेसिक. मी खाली बसले आणि तासभर उठले नाही.

ती निन्टेंडोच्या फॅमिली बेसिकवरून उचललेली नक्कल होती. मूळचं १९८४ च्या जूनमधलं, शार्प आणि हडसन सॉफ्ट यांच्या साथीने केलेलं. किंमत १४,८०० येन, नेमकी तेवढीच जेवढ्याला फॅमिकॉम हे यंत्र आदल्या वर्षी आलं होतं. कीबोर्ड, कार्ट्रिज आणि कॅसेटवर साठवायची सोय. आपल्या प्रोग्रॅमला जागा दोन हजार बाइटांपेक्षाही कमी, १,९८२. पण मारिओचं चित्र आतच असायचं आणि 'डेफ मूव्ह' म्हणून एक आज्ञा होती: कोण, कुठल्या दिशेने, किती वेगाने एवढं सांगायचं, की तो चालू लागतो. ज्या कंपनीने पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या यंत्रात कुलपाची चिप घातली, त्याच कंपनीने घरोघरच्या मुलांना आधी ही किल्ली दिली होती. आणि तिची विनापरवाना नक्कल वीस वर्षांनी सांगलीत, एका मराठी शाळेतल्या मुलापुढे टिमटिमत होती. परवाना नसणं बरोबर नव्हे, हे मला कळतं. तरी त्या मुलापर्यंत दुसऱ्या कुठल्या वाटेने ती पोचली नसती.

त्या खेळण्यात काही साठवता येत नव्हतं. बटण बंद केलं की सगळं गेलं. भाच्याने शंभर पानी वही केली, एका पानावर एक प्रोग्रॅम, आणि रोज सकाळी तो वहीतून बघून पुन्हा टाइप करायचा. सुट्टी संपेपर्यंत त्याला काही ओळी पाठ झाल्या होत्या.

कंपन्यांनी त्यानंतरही दार किलकिलं करून पाहिलं. सोनीने २००२ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच १९९ डॉलरना दिला, ४० जीबीची डिस्क, कीबोर्ड, माउस सगळं धरून. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स घालायची सोय आधी दिली आणि २०१० मध्ये काढून घेतली. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००६ मध्ये एक्सएनए हे गेम लिहायचं साधन आणलं. पीसीवर ते फुकट, एक्सबॉक्स ३६० वर चालवायचं तर वर्षाला ९९ डॉलर. नोव्हेंबर २००८ पासून तर हौशी माणसाला त्यावर गेम विकताही येऊ लागला, इतर सदस्यांनी तपासून मान्य केला की झालं. मी वसतिगृहात ज्याच्यासाठी तळमळले ते दहा वर्षांनी घडलं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सएनए पुढे न वाढवण्याचं सांगितलं आणि २०१७ मध्ये ते दुकानही बंद झालं. पण तोवर प्रोग्रॅमरांनी मोनोगेम या नावाने त्याची मुक्त प्रत उभी केली होती. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने लिहिलेला 'स्टारड्यू व्हॅली' एक्सएनएवर सुरू झाला आणि नंतर मोनोगेमवर आला.

पहिल्या प्लेस्टेशनचंही आता तसंच झालंय. पीएसनूब एसडीके नावाचं मुक्त साधन आहे, त्याला सोनीची परवानगी लागत नाही आणि पैसेही. २०२१ मध्ये फ्रीपीएसएक्सबूट आलं. त्यात मेमरी कार्डावरूनच आपला प्रोग्रॅम सुरू होतो, यंत्र उघडावं लागत नाही. मी गेल्या पावसाळ्यात लगोरीचा जुना कोड काढला. दगड मांडणाऱ्या ओळी सोनीच्या लायब्ररीतल्या आज्ञांवर उभ्या होत्या, त्या आज्ञा या साधनात नाहीत, म्हणून चित्रं काढायचा भाग नव्याने लिहिला. दगडांची मांडणी आणि मुलीचं धावणं तसंच ठेवलं. आलेखाचा कागद समोर होता.

भाचा आता पुण्यात नोकरी करतो. त्याने जुन्या बाजारातून एक प्लेस्टेशन आणलं होतं, राखाडी. मेमरी कार्ड घातलं, लगोरी उभी राहिली. तो दीड तास खेळला. मग कंट्रोलर खाली न ठेवताच म्हणाला, "मावशी, पाचवा दगड तरंगतोय बघ." मी जवळ जाऊन पाहिलं. पाचवा दगड चौथ्याच्या एक ठिपका वर होता, १९९८ पासून. त्याआधी कोणी तो गेम इतका वेळ खेळलंच नव्हतं.