रक्तपेशींचें पक्व होणें

विदर्भांत, अमरावती व अकोला हे वऱ्हाडी जिल्हे धरून, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. विळ्यासारखी वाकलेली पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. ही तूट भरून काढण्यासाठीं अस्थिमज्जेला अहोरात्र राबावें लागतें, म्हणून रुग्णास फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी देतात. तिनें पेशीचा वाकडेपणा जात नाहीं; नव्या पेशी घडविण्याची सामग्री मात्र मिळते.

या गोळीचा इतिहास परळच्या हाफकिन संस्थेपाशीं सुरू होतो. १९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरणीकामगार वर्गांतील गर्भवती स्त्रियांना एक घातक पांडुरोग होत असे. त्याचें कारण त्यांना शोधावयाचें होतें. रोग्यांच्या मज्जेंत पेशींचा दुष्काळ नव्हता. पेशी होत्या, पण आकारानें फुगलेल्या आणि अपक्व. विल्सबाईंची दृष्टि निकृष्ट आहाराकडे वळली. यीस्टपासून केलेला मार्माइट नांवाचा स्वस्त अर्क त्यांनीं माकडांना व रोगी स्त्रियांना दिला, आणि थोड्याच दिवसांत रक्तांत कोवळ्या तांबड्या पेशींची गर्दी झाली! १९३१ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अर्कांतील गुणकारी द्रव्य मात्र अज्ञातच होतें. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांतून असें द्रव्य काढण्यांत आलें व त्याला पानाच्या लॅटिन नांवावरून फॉलिक ॲसिड म्हणूं लागले. १९४५ सालीं लेडर्ले प्रयोगशाळेनें तें कृत्रिम रीतीनें बनविलें. तेथील संशोधनाचे प्रमुख आंध्रांतले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

सामग्री असली तरी आज्ञाहि लागते. प्राणवायु कमी पडला कीं मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नांवाचें द्रव्य सोडतें आणि मज्जा तांबड्या पेशी वाढविते. ड जीवनसत्त्वाचें काम याच जातीचें. वऱ्हाडांत उन्हाला तोटा नाहीं; त्या उन्हानें कातडींत तें तयार होतें, यकृतांत व मूत्रपिंडांत त्याला कार्यक्षम रूप येतें, आणि मग तें पेशीच्या केंद्रकांत शिरून जनुकें चालू-बंद करतें. १९८१ सालीं जपानी संशोधकांनीं उंदराच्या रक्तकर्काच्या पेशींना हें रूप दिलें, तेव्हां त्या बेबंद पेशी पक्व होऊन भक्षक पेशींसारख्या वागूं लागल्या. रोग्यांच्या बाबतींत मात्र अडचण आली. तेवढी मात्रा दिली तर रक्तांतील कॅल्शियम धोकादायक पातळीला जातें. जें ड जीवनसत्त्वाला साधलें नाहीं तें अ जीवनसत्त्वापासून निघणाऱ्या रेटिनॉइक ॲसिडनें साधलें: शांघायच्या वैद्यांनीं १९८८ सालीं एका विशिष्ट रक्तकर्काचे रोगी त्यानें सुधारल्याचें जाहीर केलें.