सोनाराने नाकारलेले लुगडे

बारामती म्हटली की मोरोपंतांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. पंत १७९४ साली निवर्तले. परंतु त्यांची आर्या कागदावर टिकली. पंतांच्या उत्तेजनाने जे कीर्तनाकडे वळले असे परंपरा सांगते, ते शाहीर राम जोशी (१७६२–१८१२) यांच्या लावण्याही पुढे छापून निघाल्या. पण ज्या स्त्रियांच्या कंठातून आणि पावलांतून लावणी जगली, त्यांचे दप्तर कोठे आहे?

मला त्यातील एक पान दोन वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यात, नीरेकाठच्या एका गावी पाहावयास मिळाले. एका वृद्ध तमासगीर बाईंनी पत्र्याची पेटी उघडून माझ्यापुढे एक नऊवारी लुगडे ठेविले. फडात उभ्या राहताना त्या हेच नेसत.

लुगडे इरकली होते. इरकल हे गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील विणकर अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे करून, सुतांच्या फाशांनी एकमेकांत गुंतवितात. लाल रेशमी पदर व त्यातील पांढरे पट्टे पाहताच या लुगड्याची ओळख पटते. आता ध्यानात घ्या, की असलेच इरकली लुगडे आमच्याकडील शेतात खुरपणारी बाईही नेसत असे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याचा कासोटा घातला की गुडघे मोकळे राहतात. ही सोय वाफ्यात वाकावयास उपयोगी, तशीच बोर्डावर ठेका धरावयासही. नाटकातील राजाचा पोशाख दर्जी शिवतो. लावणीचा पोशाख मात्र चुलीपासून आणि बांधावरून आलेला आहे. त्यात भर पडली ती चाळांची. बाईंचा एक चाळ मी किराणा दुकानाच्या तराजूत घालून पाहिला. तो दोन किलोंच्या वर भरला!

तथापि हा पोशाख बोर्डावर तिच्या हक्काचा होण्यास पुष्कळ काळ जावा लागला. जुन्या फडांत लुगडे नेसून उभा राही तो बहुधा नाच्या पोऱ्या. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडात पवळा उभी राहिली, आणि स्त्रीचे सोंग जाऊन तेथे स्त्री आली. नारायणगावच्या विठाबाईंची (१९३५–२००२) कथा तर सर्वश्रुतच आहे. चालू खेळात पडद्याआड प्रसूत होऊन ती माउली पुन्हा नाचावयास सिद्ध झाली. त्यांच्या नावाने आज राज्य शासन पुरस्कार देते. पण ज्यांची नावे कोणत्याही पुरस्काराला लागली नाहीत, त्यांचे काय?

मी ते लुगडे उजेडात धरले. खालच्या काठाला, चाळ घासतात तेथे, रफू होते. रफूवर पुन्हा रफू होते. मी विचारले, "बाई, जरीचे एखादे नव्हते काय?" त्या म्हणाल्या, "व्हतं की, गुरुजी. एक शालू व्हता. बहात्तरच्या दुष्काळात जत्रा मोडल्या, सुपारी बंद झाली. शालूची जर सोनारानं जाळून चांदी काढली, त्यावर चार महिने घर चाललं. ह्यात जर नव्हती, म्हणून ह्याला कुणी हात लावला न्हाई."

१९७२ च्या त्या दुष्काळात बारामती-इंदापूरची माणसे खडी फोडीत होती, हे मी बालपणी डोळ्यांनी पाहिले आहे. शाळेत तीस वर्षे मी मुलांना ताम्रपट आणि सनदा यांविषयी शिकविले. परंतु ज्याला मोल नव्हते म्हणूनच जे उरले, असा ऐतिहासिक पुरावा माझ्या हाती प्रथमच आला.

बाईंच्या नातीला ते लुगडे बोहारणीला द्यावयाचे होते. मी तिला एवढेच सांगितले, की मुली, एका कागदावर आजीचे नाव लिही, फड कोणता होता ते लिही, आणि तो कागद या घडीत ठेव. मग द्यावेसे वाटले तर खुशाल दे. तिने लिहिले. लिहिताना आजीला चार प्रश्न विचारले, आणि घडी पुन्हा पेटीत ठेविली.

श्रोतेहो, आपल्याही घरी अशी एखादी पेटी असेल. तीवर बोहारीण हात ठेवण्यापूर्वी तो कागद लिहून होऊ द्या.