चढणीला एकच गिअर

साल १९५२, जुलैची अखेर. हातात भाड्याची काळी सायकल: चांगली जड, लोखंडी सळ्यांचे ब्रेक, नगरपालिकेचा बिल्ला आणि गिअर एकच. चपला भिजून फुगतात म्हणून कॅरिअरला बांधल्या आहेत. पंचगंगा गढूळ होऊन पुलाखालून धावते आहे. पन्हाळा इथून बाराएक मैल.

केर्लीपर्यंत फारसे कष्ट नाहीत. ऊस, भाताची खाचरं, इरली घेऊन रोप लावणाऱ्या बाया. जोतिबाचा डोंगर ढगात बुडालेला. चहाच्या हाटेलात एकच विषय, हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलेला खाशाबा जाधव.

"मातीतला गडी, गादीवर लढला," कान मोडलेला एक पैलवान सांगतो. मग नजर तुमच्यावर. "आन् तू रं, कुठं?"

"पन्हाळ्याला."

"ह्या खटाऱ्यावर? वाघबिळापुढं ढकलत नेशील बघ!"

वाघबिळाला रत्नागिरीचा रस्ता सुटतो आणि त्याचं म्हणणं पोटऱ्यांना पटू लागतं. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्याला १८; पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर जायला हवी. आजचा गिअरवाला अशाच चढाला एका फेऱ्यात सव्वादोन मीटरवर भागवतो. तुम्हाला ती सोय नाही. सीटवर बसून काही होत नाही. उभं राहायचं, हँडल पोटाकडं ओढायचं आणि सगळा भार एका पायावर टाकायचा, मग दुसऱ्या. फारच अंगावर आलं तर रस्ता रिकामा बघून या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकं कापायचं. अंतर वाढतं, चढ कमी होतो. बुधवार पेठेत पोरं मागं लागतात, धुक्यात गळून जातात.

आणि तुम्ही गडात. १६६० मध्ये सिद्दी जौहर चार महिने वेढा घालून बसला, त्याला हे जमलं नाही. पण मिशीला पीळ देण्याआधी एवढं ध्यानात घ्या: वाटेतला चार दरवाजाच जागेवर नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात इंग्रजांनी तो पाडला. त्या पडझडीतून तुम्ही पायडल मारत आत आलात.

पश्चिमेला पुसाटी बुरुजावर वारा उभं राहू देत नाही. ढग क्षणभर फाटतो आणि मसाईचं पठार दिसतं, उघडंबोडकं, सपाट, हिरवंगार. त्याच १६६० सालच्या १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज भर पावसात तिकडूनच विशाळगडाकडं निसटले. भोयांचे पाय त्या निसरड्या सड्यावर पालखीसकट कसे टिकले असतील, हे नुकतीच चढण चढलेल्या माणसाला जास्त कळतं. सायकल तिथं कुचकामाची.

आता उतार. ओल्या लोखंडी रिमवर रबर धरत नाही. वळणाच्या बरंच आधी ब्रेक दाबून पाणी निपटावं लागतं, तरी भरवसा नाही. पहिली वळणं सायकल हातात धरून चालतच उतरा. भाड्याचे तास वाढतायत, वाढू देत.